मुखपृष्ठावरची लिफ्ट

मी एक जुनी लिफ्ट आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं वर जाणंही बंद आहे आणि खाली येणंही. मी मधेच लटकलेली आहे. गोष्ट सांगायला वेळच वेळ आहे, म्हणून सांगते.

लिफ्ट म्हटलं की तुम्हाला गुळगुळीत पेटी, बटणं, आरसा असलं काहीतरी आठवणार. मी तसली नाही. मी कुठल्या इमारतीत नाहीच. मी उघड्यावर, एका उंच कड्याला टेकून उभी आहे. कड्याच्या वर शहराचा मोठा चौक आहे. तिथे पालिकेची कचेरी, दुकानं, हॉटेलं, शाळा असं सगळं आहे. कड्याच्या खाली एक अरुंद गल्ली आहे. तिला सगळे दुरुस्ती गल्ली म्हणतात, कारण तिथे खुर्च्या, छत्र्या, घड्याळं, शिलाई यंत्रं, चामड्याच्या बॅगा, काय वाट्टेल ते दुरुस्त होतं. वरची माणसं मोडतात आणि खालची माणसं जोडतात. त्या दोघांमध्ये ये-जा करायचं काम माझं होतं.

माझा लोखंडी सांगाडा एका कारखान्यात घडला. पेटी जाड लाकडाची, दार जाळीचं, मुठी पितळेच्या. मला वर ओढायला तारेची दोरी, दोरीला फिरायला कप्पी, आणि कप्पी फिरवायला वरच्या खोलीत एक यंत्र. ज्या वर्षी मी उभी राहिले, त्या वर्षीच्या पालिकेच्या अंदाजपत्रकात माझं काम पहिल्या पानावर होतं. अंदाजपत्रक म्हणजे काय विचाराल, तर येत्या वर्षात किती पैसे येणार आणि ते आधी कशाला द्यायचे याचा विचार. तुमच्या घरी आई महिन्याच्या सुरुवातीला ठरवते ना, की आधी दूध, मग शाळेची फी, आणि उरलेच तर नवे पडदे? पालिकेतही तसंच असतं, फक्त तिथे सगळे एकाच वेळी आणि मोठ्या आवाजात बोलतात. तेव्हाची माणसं म्हणाली होती, खालच्या गल्लीचं काम वरच्या बाजारात पोचलं पाहिजे, तरच शहर वाढेल. म्हणून मला बांधलं. पहिल्या दिवशी माझ्यातून वर जायला गल्लीतले लोक धुतलेले कपडे घालून आले होते. मला फार बरं वाटलं होतं.

माझा चालक मामा. त्याला मामा पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता कोणालाच आठवत नाही. ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, आणि कोणाला नाही म्हणणं ज्याला जन्मात जमलं नाही असा माणूस. मला तो 'बाईसाहेब' म्हणायचा. सकाळी दार सरकवताना म्हणायचा, "चला बाईसाहेब, दिवस उगवला." कोणी विचारलं, "काय मामा, कसं काय?" की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "एकदम मजेत!" दाढ सुजून गाल टम्म फुगला होता, त्या दिवशीही तो "एकदम मजेत" म्हणाला होता. ऐकणाऱ्याला नीट कळलंही नाही.

मामाची थोरली बहीण आत्या. मामाची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळी गल्ली म्हणायला लागली. आत्या वेताच्या खुर्च्या विणते. वरच्या हॉटेलांतल्या, शाळेतल्या, मोठ्या घरांतल्या खुर्च्यांच्या बैठका झिजल्या की त्या माझ्यातून खाली यायच्या, आणि आत्याच्या हातून नव्या होऊन माझ्यातूनच वर जायच्या. त्यांच्याबरोबर आत्याही जायची. खुर्ची गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन, तिथे स्वतः तिच्यावर बसून, "बघा, कुरकुर नाही, काही नाही," असं म्हटल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

आत्याचा एक पाय लहानपणापासून अधू आहे. कड्याला लागून जिना आहे, पण तो उभा आणि शेवाळलेला. तरुणपणी एकदा पैजेवर ती तो चढली होती आणि मग कित्येक दिवस अंथरुणावर पडून होती. "पैज जिंकले, पाय हरले," असं ती हसत सांगायची. गाडीचा रस्ताही आहे, पण तो रेल्वेच्या यार्डाला भलामोठा वळसा घालतो, आणि टेम्पोचं भाडं देण्यापेक्षा गिऱ्हाइकाला नवी खुर्ची स्वस्त पडते. तेव्हा मी चालले तर आत्याचं दुकान चालणार, मी थांबले तर तेही थांबणार, इतकं साधं होतं ते.

या गल्लीची एक रीत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथे मोडकी वस्तू गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू देत नाहीत. गिऱ्हाईक दाराशी आलं की तुटकं-फुटकं सगळं पडद्यामागे जातं. पॉलिश झाल्याशिवाय खुर्ची पुढे येत नाही आणि चालू झाल्याशिवाय घड्याळ काचेत बसत नाही. "मोडकं दाखवायला आपण काय हात पसरून बसलोय?" आत्या म्हणायची. तिच्या वडिलांचीही हीच रीत होती. ही रीत वाईट नाही हो. तिच्या जोरावरच गल्लीचं नाव झालं.

वर्षं गेली, आणि वय काय फक्त माणसांनाच होतं का? माझी दोरी झिजायला लागली, कप्पीच्या खाचा रुंदावल्या. वर जाताना मी करकरायला लागले, मधल्या टप्प्यावर धक्का द्यायला लागले. लोक म्हणायचे, "म्हातारी कुरकुरतेय." कुरकुरेन नाही तर काय करेन? मला तेवढी एकच भाषा येते.

ती भाषा कळणाऱ्या एक बाई पालिकेत आल्या. यंत्र विभागातल्या इंजिनिअरबाई. किडकिडीत अंगाच्या, बोलायला जरा तुसड्या. कोणी चहा विचारला तर "कामावर आहे" म्हणायच्या, म्हणून गल्लीत त्या फारशा कोणाला आवडायच्या नाहीत. पण त्यांचे हात मला आवडायचे. त्या वरच्या खोलीत चढून माझ्या दोरीवरून सुती फडकं फिरवायच्या. दोरीतली एखादी बारीक तार तुटली असली की तिचं टोक बाहेर येतं आणि फडकं त्याला अडकून टरकन फाटतं. माझ्यावरून फिरवलेलं फडकं जागोजागी फाटायचं. बाई ते घडी घालून पिशवीत ठेवायच्या, आणि अंदाजपत्रकाच्या दिवसांत अर्थ समितीच्या टेबलावर पसरून दाखवायच्या.

"ही दोरी बदला," त्या म्हणायच्या. "यंत्रही बदला. नाही तर एक दिवस बंद करावी लागेल."

उत्तर दर वर्षी एकच मिळायचं. पुढच्या वर्षी बघू.

समितीचे अध्यक्ष काही दुष्ट नव्हते, मित्रांनो. उगाच कोणाला बोल लावायचा नाही मला. त्यांच्यापुढे दवाखान्याचं गळकं छप्पर होतं, फुटलेली जलवाहिनी होती, आणि शहरात नवा धंदा यावा, तरुणांना काम मिळावं म्हणून सगळ्यांनी त्यांच्या मागे लकडा लावलेला होता. पांघरूण लहान आणि ओढणारे चहूकडून. जो जास्त थंडीने कुडकुडताना दिसेल त्याच्याकडे ते थोडं जास्त सरकायचं.

म्हणून एका वर्षी इंजिनिअरबाईंनी हट्ट धरला. "माझ्या फडक्यावर विश्वास नसेल तर स्वतः चला आणि बसून बघा." समिती हो म्हणाली. पाहणीचा दिवस ठरला. बाई आधीच खाली आल्या आणि माझ्या दारासमोर त्यांनी गल्ली गोळा केली.

"नीट ऐका," बाई म्हणाल्या. "समिती येईल तेव्हा लिफ्ट आहे तशी दिसली पाहिजे. करकरते, करकरू दे. धक्का बसतो, बसू दे. कोणी हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं की!" सुतार म्हणाला. गल्लीतला सगळ्यात मोठा गडी, आवाजही तसाच. "हात कशाला लावतोय कोण?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई गेल्या. मग सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. मला त्यांची ती नजर ओळखीची होती. मोडक्या वस्तूकडे ते तसंच बघतात.

आधी आत्याच बोलली. "एवढी मोठी माणसं पहिल्यांदा आपल्या दारात येणार, आणि हिचा हा अवतार?"

"बाई म्हणाल्या हात लावू नका," मामा म्हणाला.

"यंत्राला लावू नका म्हणाल्या. नुसतं पुसायला कोण नको म्हणतंय?"

झालं. मामाने फडकं आणलं आणि पितळी मुठी चकचकीत केल्या. मुठी चमकल्यावर दाराचा गंज डोळ्यांत खुपायला लागला, म्हणून छत्रीवाल्याने दार घासून रंगवलं. दार नवं दिसल्यावर फळ्या काळ्या दिसायला लागल्या, म्हणून सुताराने त्या रंधून पॉलिश केल्या. आत्याने माझ्यातल्या बाकाची जुनी बैठक काढली आणि नवी विणली, जाळीदार आणि घट्ट, अध्यक्षांना बसायला म्हणून. विणताना ती गुणगुणत होती. मला कोणी इतकं जपून कधी हाताळलं नव्हतं, आणि मी मनातल्या मनात ओरडत होते की अगं नको, नको गं बाई.

शेवटी राहिली माझी करकर. "पाहुणे आत असताना ही असली ओरडली तर काय वाटेल?" छत्रीवाला म्हणाला. सुताराने चामड्याच्या पट्ट्या कापून मी ज्यांवरून सरकते त्या रुळांजवळच्या पकडींत कोंबल्या, आणि मामाने वर चढून कप्पीवर आणि दोरीवर घट्ट वंगण चोपडलं. चांगलं बोटभर जाड. तुटक्या तारांची सगळी टोकं त्याच्याखाली गाडली गेली. माझा आवाज बंद झाला. मित्रांनो, तुमच्या तोंडावर कोणी प्रेमाने हात ठेवला तर तुम्ही काय कराल?

समिती आली. इंजिनिअरबाईंनी मला पाहिलं आणि त्या जागीच थांबल्या. त्यांनी मामाकडे पाहिलं. मामा खूश होऊन हसला.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "ही तर शहराची शान आहे!" ते आत्याने विणलेल्या बैठकीवर बसले, हाताने वेत दाबून पाहिला, आणि "हे कोणी केलं?" असं विचारून आत्यालाही आत बोलावलं. समितीची चार माणसं, बाई, मामा, आत्या, सगळे माझ्या पोटात. मामाने चालवायची मूठ फिरवली.

मी करकरायचा प्रयत्न केला. अंगातलं सगळं बळ लावलं. चामड्याने माझी करकर गिळून टाकली. मधल्या टप्प्यावर धक्का द्यायचा म्हटलं, तर वंगणाने मला अलगद पुढे सरकवलं. एकच मार्ग उरला होता. हातभर घसरायचं. तेवढं केलं असतं तर समितीला सगळं कळलं असतं. पण घसरणं सुरू झाल्यावर थांबणं माझ्या हातात नव्हतं, आणि आत आत्या आपला अधू पाय लांब करून, खिडकीतून बाहेर बघत बसली होती. नाही जमलं मला. मी जीव मुठीत धरून सगळ्यांना वर नेलं.

वर पोचल्यावर बाई शिडीने यंत्राच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दोरीवरून फडकं फिरवलं. फडकं काळंकुट्ट झालं, पण कुठेही अडकलं नाही. बाई खाली येऊन म्हणाल्या, "साहेब, हे वंगण आजचं आहे. याच्याखाली दोरी तुटायला आलीय."

अध्यक्षांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, रोज तुम्ही चालवता. तुम्हीच सांगा. काही त्रास आहे का?"

मामाने आत्याकडे पाहिलं. आत्या बैठकीवरचा धुळीचा कण झटकत होती. मामाने समितीकडे पाहिलं, चमकणाऱ्या मुठींकडे पाहिलं.

"छे हो, साहेब," तो म्हणाला. "लोण्यासारखी चालते!"

बाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

अंदाजपत्रकाच्या दिवशी मामाने माझ्या दारात रेडिओ लावला. गल्ली काम थांबवून जमली. अध्यक्षांचा आवाज छान होता. ते म्हणाले की या वर्षी शहराचा व्यापार वाढवायचा आहे. लोक बाहेरून यावेत, चौकात गर्दी व्हावी, गर्दीमुळे दुकानं चालावीत, दुकानांमुळे हातांना काम मिळावं. मग ते म्हणाले, "आणि म्हणूनच आपली ऐतिहासिक लिफ्ट हे या वर्षीचं आपलं प्राधान्य आहे."

काय टाळ्या पडल्या, सांगू! सुताराने मामाला उचललंच. आत्याने डोळे पुसले. मीही फसले हो. मला वाटलं, नवी दोरी आली.

दोरी नव्हती. माझ्यासाठी रंगीत दिवे मंजूर झाले होते, कड्याखाली एक मोठी पाटी, आणि लोकांना फोटो काढायला वर एक कठडा. दोरीच्या आणि यंत्राच्या कामापुढे लिहिलं होतं, 'स्थिती समाधानकारक, पुढील वर्षी विचार.' अंदाजपत्रकाचं पुस्तक छापून आलं तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर माझा फोटो होता. लहानपणी मी आतल्या पहिल्या पानावर होते, म्हातारपणी थेट वरच आले. मामाने ते मुखपृष्ठ फाडून माझ्या आतल्या भिंतीला चिकटवलं. माझ्याच पोटात माझाच फोटो.

दिवे लागले. संध्याकाळी चौकात खरंच गर्दी व्हायला लागली. लोक यायचे, दिव्यांत उभे राहून फोटो काढायचे आणि जायचे. हॉटेलं भरली. आत्याकडे हॉटेलाच्या खुर्च्यांचं मोठं काम आलं. ते खोटं नाही. अध्यक्ष म्हणाले तसं थोडं झालंच. आत्या खुशीत होती. "बघ," ती मामाला म्हणाली, "नीटनेटकं दाखवलं म्हणून मिळालं."

मग एका दुपारी आत्या विणलेल्या खुर्च्या घेऊन वर निघाली होती. मामा मुठीवर होता. मधला टप्पा ओलांडला आणि वर काहीतरी टण्णकन तुटलं. दोरीचा एक पदर गेला आणि उरलेली दोरी कप्पीवरून घसरली. मी खाली सुटले. माझ्या अंगाखाली अशा वेळेसाठी लोखंडी चाप आहेत, ते रुळांना चावले आणि मी हिसका खाऊन थांबले. खुर्च्या एकमेकींवर आदळल्या. मामाचं कपाळ दाराला लागलं.

आत्या ओरडली नाही. तिने एक खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसली. मामा कपाळ धरून उभा होता.

"बस," ती त्याला म्हणाली. "खुर्च्यांना तोटा नाही."

अग्निशमन दलाची माणसं शिडी लावून आली. एका जवानाने आत्याला पाठीवर घेऊन उतरवलं. इंजिनिअरबाई धावत आल्या. त्यांनी खालच्या दाराला लाखेचं सील लावलं, वरच्या दाराला लावलं, आणि मग त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. मामा त्यांच्यासमोर उभा राहिला.

"बाई, उघडणार कधी?"

"नवी दोरी मंजूर झाली की."

"दिव्यांना पैसे आहेत ना? त्यातले घेता नाही यायचे?"

"दिव्यांचे दिव्यांनाच, मामा. या वर्षाचं सगळं वाटून झालंय."

मामाने कपाळावरचं टेंगूळ चाचपलं. मग म्हणाला, "मी लोण्यासारखी म्हणालो."

"मीही गप्प बसले," बाई म्हणाल्या. "तुम्हाला चारचौघांत खोटं पाडायचं जिवावर आलं माझ्या." पिशवीतून त्यांनी जुनं फाटलेलं फडकं काढलं आणि मामाच्या हातात दिलं. "हे ठेवा. माझी बदली होतेय पाणी विभागात."

तेव्हापासून मी मधेच आहे. मामाची नोकरी गेली नाही, कारण लिफ्टचालकाचं पद अंदाजपत्रकात मंजूर आहे. लिफ्ट चालत नसली तरी चालक आहे. त्याचं काम आता एकच. संध्याकाळी माझे दिवे लावायचे.

आत्याच्या दुकानात खुर्च्या यायच्या थांबल्या. हॉटेलवाल्याने काही दिवस वाट पाहिली, मग प्लास्टिकच्या आणल्या. त्याचं तरी काय चुकलं? आत्या रोज दुकान उघडायची, झाडायची, वेताच्या जुड्या खालच्या वर करायची आणि बसून राहायची. एकदा ती जिना चढायला निघाली. पहिल्याच वळणावर बसली आणि मग तिला हाताला धरून उतरवावं लागलं. त्यानंतर ती फारशी बोलेना. शेवटी मामाच्या मुलीने, म्हणजे तिच्या भाचीने, निरोप पाठवला की आत्या, माझ्याकडे ये. भाची शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते.

निघायच्या दिवशी तिला टेम्पोतून जायचं नव्हतं. "इतकी वर्षं कड्याने वर गेले, कड्यानेच जाईन," म्हणाली. तिचा हट्ट कोण मोडणार? हॉटेलवाल्याने न नेलेली एक खुर्ची होती, तिनेच विणलेली. तिच्यावर तिला बसवून सुताराने आणि इतर तिघांनी खुर्ची खांद्यावर घेतली. मामा पिशवी घेऊन मागे. जिना माझ्या अगदी जवळून जातो, आणि मी लटकले आहे तिथेच त्याचा मधला टप्पा आहे. तिथे त्यांनी दम घ्यायला खुर्ची खाली ठेवली.

आत्याने जाळीतून हात आत घातला. तिची बोटं बाकाच्या बैठकीपर्यंत पोचली. तिने वेत दाबून पाहिला. तो अजून घट्ट होता.

"दिसतेस मात्र छान गं," ती मला म्हणाली.

सुतार तोंड फिरवून उभा राहिला. आत्याने कनवटीची दुकानाची किल्ली काढून मामाच्या हातावर ठेवली. "सुरू झाली की कळव. मी लगेच येईन. वेताला वाळवी लागू देऊ नकोस."

"कळवतो, ताई," मामा म्हणाला. "लवकरच होईल."

मग त्यांनी खुर्ची उचलली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. दुसरं मी करू तरी काय शकत होते?

आता पुन्हा अंदाजपत्रकाचे दिवस आहेत. समिती उद्या पाहणीला येणार आहे. तेच अध्यक्ष आहेत. आणि आज सकाळीच पालिकेची माणसं रंगाचे डबे घेऊन आली. मामा त्यांना आडवा झाला. "अहो, नका रंगवू! आहे तशी राहू द्या तिला, पाया पडतो तुमच्या!"

"काका, आम्हाला काय माहीत," रंगारी म्हणाला. "समिती येणार आहे, रंगवा म्हणून सांगितलं, रंगवतोय." मामा बाजूला झाला. मगाशी माझी जाळी रंगवून झाली. वास अजून येतोय.

मामाच्या एका खिशात आत्याची किल्ली आहे आणि दुसऱ्यात ते फाटकं फडकं. दुपारपासून तो माझ्या खालच्या दाराशी स्टुलावर बसून एकच वाक्य घोकतोय. अध्यक्ष विचारतील, मामा, काही त्रास आहे का? मग फडकं पुढे करायचं आणि म्हणायचं, "आहे, साहेब. त्रास आहे." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मलाही ऐकू आलं नाही. मग जरा मोठ्याने म्हणाला. मग खाकरून, उभं राहून म्हणाला. मी वरून म्हणत होते, शाब्बास मामा, आणखी एकदा.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुम्ही मोठे व्हाल, कोणी चालक व्हाल, कोणी इंजिनिअर, एखादा अध्यक्षही होईल. कोणी तुम्हाला प्रेमाने विचारलं की काय दुखतंय, तर लाजू नका, दुखतंय तिथे बोट ठेवा. आणि तुम्ही विचारणारे असाल, तर एकदा विचारून थांबू नका. ताज्या रंगाचा वास आला तर शिडी मागा, वर चढा, आणि दोरीवर स्वतःच्या हाताने फडकं फिरवा. माझं वय झालंय, माझं काय ते होईल. पण खाली एका दुकानाला कुलूप आहे आणि एक बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला निरोपाची वाट बघत बसली आहे.

आत्ता संध्याकाळ झाली. मामाने माझे दिवे लावले आणि पुन्हा आपलं वाक्य म्हणायला लागला. "आहे, साहेब. त्रास आहे." या वेळी अगदी खणखणीत म्हणाला. तेवढ्यात चौकातून कठड्यावर वाकून कोणातरी ओळखीच्या माणसाने हाक मारली, "काय मामा, कसं काय? सगळं ठीक ना?"

मामाने वर पाहिलं, हात हलवला आणि हसून ओरडला, "एकदम मजेत!"